मधली शिवण

मला लग्नाला कुणी बोलावत नाही.
फोटो येतात फक्त, वाझाच्या स्कूटरवरून,
मंगळवारी, खाकी पाकिटात,
रिओनी नदीची ओल कडांना लागलेले.
कुतैसीतल्या निम्म्या नवऱ्या मी
मानेवरून ओळखते.
कुणाच्या मानेवर तीळ,
कुणाच्या कानामागे घाईत राहून गेलेली
साबणाची पांढरी रेघ.
बाजारात भाजी घेताना दिसतात त्या.
मी काही बोलत नाही.

खळ घरीच शिजवते, गव्हाची,
चिमूटभर तुरटी टाकून.
दाभण सासऱ्यांचं.
त्यांनी त्यानं ट्रकच्या कारखान्याच्या
हजेरीवह्या शिवल्या जन्मभर.
कारखाना गेला, सासरे गेले,
दाभणाचं टोक अजून मी बोटाला लावून बघत नाही.

तर तेकलेचं लग्न.
एक फोटो दोन पानांवर पसरून हवा म्हणाली,
सगळं टेबल, सगळी माणसं,
शिंगातून वाईन पिणारा थोरला काकासुद्धा.
त्रेचाळीस डोकी. मी मोजली.

आता एवढी माणसं दोन पानांवर पसरली
की मध्ये शिवण येते
आणि शिवणीत कुणीतरी जातंच.
नाक जातं. अर्धं कपाळ जातं.
एकदा अख्खा नवरदेवच जात होता,
वाझाच्या ध्यानातही आलं नव्हतं.
मी बहुतेक एखादा लांबचा पाहुणा निवडते,
ज्याला पुढे कुणी शोधणार नाही असा.
मनात म्हणते, माफ कर बाबा,
आणि टाका घालते.

इथे तसा कुणी सापडेना.
फोटो डावीकडे सरकवला तर आजोबांची पदकं चिरली जात,
उजवीकडे सरकवला तर
तोंडात पाव कोंबलेली एक छोटी पोरगी.
दिवा जवळ ओढला.
आणि बरोब्बर मधोमध
दोन बोटांची फट दिसली.

वाझाला विचारलं, ह्या कोण?
म्हणाला, नवरीच्या मावश्या,
एतेरी आणि लामझिरा.
आईच्या अक्रोडाच्या झाडावरून
सोळा वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकींचं.
एका फोटोत उभ्या राहिल्या तेच नशीब.
मी भिंग घेतलं.
दोघींनी अंगठा मुठीत दाबला होता,
अगदी सारखा,
लहानपणी कुणीतरी एकाच वेळी रागावलं असावं तसा.

जिथून विस्तव जात नाही म्हणतात
तिथून माझा मेणाचा दोरा सरळ गेला.
कुणाला लागलं नाही.

काम झालं. पान उघडलं,
एक इकडच्या पानावर, एक तिकडच्या.
मिटलं,
आणि मग माझ्या लक्षात आलं.
मी हे ठरवलं नव्हतं, शप्पथ.
मिटलं की गालाला गाल.
पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.
चहा गार झाला तरी माझं तेच चाललेलं,
माझ्यासारख्या म्हातारीनं करावं असं ते नव्हतं.

आता प्रश्न मधल्या कागदाचा.
आमच्याकडे ओल फार.
मध्ये कागद नसला तर दोन पावसाळ्यांत चेहरे चिकटतात,
आणि उघडताना
एकीचा गाल दुसरीच्या गालावर उचलून येतो.
त्याला दुरुस्ती नाही.
माझ्या हातून झालंय असं, एकदा,
आणि ते गिऱ्हाइकाचं काम नव्हतं.

म्हणून घातला कागद.
होता त्यातला सगळ्यात पातळ,
ज्यातून भुवई दिसते पण ओळख पटत नाही असा.

बिल पाहून वाझा म्हणाला, वीस लारी जास्त लावलेस.
म्हटलं, अक्रोडाच्या झाडाचे.
तो हसला नाही. घेऊन गेला.

शुक्रवारी तेकले स्वतः आली,
अजून हातावर एक पान बघायचंय म्हणाली.
उभ्या उभ्या चाळला तिनं अल्बम,
सगळ्या नवऱ्या चाळतात तसाच,
फक्त स्वतःला शोधत.
मधल्या पानावर तर थांबलीसुद्धा नाही.
छान झालाय, म्हणाली,
आणि धप्पकन मिटला.

मावश्या आत.