खुर्चीची कुरकुर

आमच्या देशात प्रत्येक कॅफेत
एक लाल वही ठेवावीच लागते. तक्रारींची.
गिऱ्हाइकाने मागितली की नाही म्हणता येत नाही.
मेर्तोलातल्या बाकीच्या वह्या धूळ खातात.
माझी दर चार महिन्यांनी संपते.

कारण बेल्मीरो.
एकतीस वर्षं रेल्वेची सिग्नल केबिन सांभाळलेला.
सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दार ढकलतो
आणि बूड टेकायच्या आधीच म्हणतो,
"देओलिंदा, वही."

कॉफी कोमट.
टोस्ट एकाच बाजूने करपलेला.
चर्चचं घड्याळ सात मिनिटं मागे,
ते माझं नाही हे सांगून मी थकले.
खिडकीजवळची खुर्ची लंगडी, बसलं की कुरकुरते.
"खुर्चीच ना?" मी एकदा विचारलं.
तेही त्याने लिहिलं : मालकीण उद्धट.

एका तक्रारीच्या तीन प्रती निघतात.
एक सरकारला, एक वहीत, एक त्याला.
त्याच्या घरी म्हणे एक खण भरलाय या कागदांनी.
पूर्वी त्यात बायकोचे रुमाल असत.

मग एप्रिलमध्ये तो पायऱ्यांवरून घसरला,
उजवं मनगट मोडलं.
प्लास्टर मिरवत आला, आठ दहालाच.
"वही आण. पेनही तूच धर. मी सांगतो, तू लिही."

आपल्याच विरुद्धचं गाऱ्हाणं
आपणच लिहायचं, तेही सुवाच्य अक्षरात!
पण नियम तो नियम.
मी चष्मा लावला.

"खुर्ची लंगडी आहे."
कुठली?
"ही. खिडकीजवळची."
बाकी अकरा धड आहेत. मग हीच का?
तो गप्प.
"फॉर्ममध्ये कारण लागतं," मी थाप मारली.

"इथून विजेच्या खांबावरचं
करकोच्यांचं घरटं दिसतं.
सेलेस्त इथेच बसायची. फेब्रुवारीत जोडी परतली
की मला कोपराने ढोसायची,
माझी कॉफी दर वेळी सांडायची."
मी लिहिलं. जसंच्या तसं, सांडलेल्या कॉफीसकट.

"आणि नुकसान काय झालं?"
त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे, मग बाहेर.
ग्वादियानाचं पाणी नुकतं उजळत होतं,
पलीकडे कोणीतरी होडी उलटी घालून रंगवत होतं.
बराच वेळ गेला.
"हे असले रकाने," तो पुटपुटला, "मूर्खांनी आखलेत."
तेवढं मी लिहिलं नाही.

प्रत फाडून त्याला दिली.
त्याने वाचली. पुन्हा वाचली.
मग एका हाताने आणि दातांनी
तिची घडी घातली, घडीवर घडी, पार आठ पदरी,
आणि वाकून, कण्हत,
खुर्चीच्या आखूड पायाखाली सारली.
बसला. हलून पाहिलं.
खुर्ची बोलेना.
त्या शांततेत आम्हा दोघांनाही
काय बोलावं ते सुचेना.

रात्री सेतुबालहून बहिणीचा फोन.
"काय म्हणतोय तुझा म्हातारा?"
रोजच्यासारखंच, सूप ढवळता ढवळता.
तेव्हा लक्षात आलं :
नऊ वर्षं मीही एक वही भरत आले होते
तिच्या कानात,
एकही पान कोरं न सोडता.
"आज ना," मी सुरुवात केली, आणि अडखळले.
दुसरं काही सांगायची जिभेला सवयच नव्हती.
"घरट्यात तीन पिल्लं आहेत," म्हणाले शेवटी.
तिकडे डाव थांबला.
"बरी आहेस ना?" तिने विचारलं.

प्लास्टर निघालं.
वही तो अजूनही मागतो कधीमधी, जुन्या ओळखीखातर.
टोस्ट अजूनही करपतो, ती चूक माझीच.
काल त्याने लिहिलं :
करकोचे पहाटेपासून चोची वाजवतात, झोप होत नाही.
आणि खाली, रकान्याबाहेर,
अजून न सावरलेल्या वाकड्या अक्षरात :
कारवाई करू नये.