मिठाचा अंदाज

दापोडीच्या तिसऱ्या मजल्यावर
बाबांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला,
झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे.
आत राता.
लाल, जाड, खाजणातला तांदूळ,
बामी आत्यानं शेवटचा झोडलेला.
पुढच्या वर्षी बांध गेला,
भरावाची माती आली, मातीवर कंटेनर,
आणि उरणपुढचं आमचं बेट
कागदावरसुद्धा बेट राहिलं नाही.

मी अकरा दिवसांसाठी आलेय, रॉटरडॅमहून.
तिथल्या बंदरात कंटेनरच मोजते.
बाबांना सांगताना मात्र
लॉजिस्टिक्स म्हणते.

सकाळी गणेश पेठेत त्यांनी निवट्या मागितल्या.
मासळीवाली सोलापूरकडची.
ते काय असतं, म्हणाली.
बाबांनी हवेतच चिखल केला,
त्यात पंजा सरपटवला,
दोन बोटांचे डोळे वर काढून दाखवले.
रांगेतला एकजण हसला. बाबाही हसले.
मग पावशेर सुका जवळा घेऊन
आम्ही पीएमटीची वाट पाहत उभे राहिलो,
पिशवी माझ्या हातात,
मी ती अंगापासून जरा लांब धरलेली.

शाळेत असताना
सोड्यांचा वास दप्तराला लागला म्हणून
दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी.
तेव्हापासून या घरात
सुकं तव्यावर पडायच्या आधी
खिडक्या लागतात.
आजही आई उठली, कड्या लावून आली.
आम्ही तिघं घामाघूम,
जवळा तडतडतोय.

परातीत तांदूळ ओतला तर टोके निघाले,
निम्मे दाणे पोकळ.
बाबा चष्मा कपाळावर सरकवून निवडत बसले.
अर्धा डबा पुन्हा बंद केला,
पट्टी नवीन लावली.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

'याला मीठ घालायचं नसतं,' ते म्हणाले,
'रोपानंच पिऊन ठेवलेलं असतं.'
आई जुन्नरची. तिनं ऐकून घेतलं
आणि त्यांची पाठ वळताच चिमूट टाकली.
नंतर तेही आले, झाकण उचललं,
इकडंतिकडं पाहिलं,
बरणीत हात घातला.

भात खारट झाला.
कुणी काही बोललं नाही.
पेले रिकामे होत होते, भरत होते.
'असाच लागायचा,' बाबा म्हणाले
आणि तांब्या माझ्याकडं सरकवला.