दोन्ही एकदमच गेलं का?

ह्वाम्मूरला पोचले तेव्हा
रात्रीचे साडेदहा, आणि ऊन अजून शेडच्या पत्र्यावर.
आइसलंडच्या या टोकाला जुलैत दिवस मावळायचं विसरतो,
त्यामुळे कुणी म्हणत नाही, उद्या बघू.

ओद्दुरने नुसतं बोट दाखवलं.
पासष्ट सालचा लाल मॅसी,
मागे लिफ्टचे दोन्ही हात खाली पडलेले.
"पंप गेलाय," तो म्हणाला. "पंपच."
दारातून त्याची बहीण, ग्युद्फिना:
"पंपाचं काय घेऊन बसलास! पीटीओ फिरत नाही.
चार एकर गवत कापून पडलंय,
उलथायचं कशानं, काट्या-चमच्यानं?"

डिपस्टिक काढली. तेल रेघेवर.
दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही.
बोटांत चोळलं, हुंगलं,
चुरा लागला नाही.

मग डाव्या अंगाचा दांडा.
गेल्या साली एका शेतावर चाळीस किलोमीटर गेले
आणि दांडा नुसता मध्येच राहिला होता.
पैसे घ्यायला लाज वाटली.
घेतले.
इथे मात्र खटका लागतो, स्वच्छ, जिथे लागायला हवा तिथे.

"दोन्ही एकदमच गेलं का?
की आधी एक, मग दुसरं?"

ओद्दुर विचार करतो
एकेक खिसा चाचपल्यासारखा.
"एकदमच," म्हणाला शेवटी. "ओढ्याच्या वळणावर.
टक् झालं.
कपाला चमचा लागावा, एवढंच."

एवढंच तर हवं होतं.
माणसांचं सांगता येत नाही,
पण यंत्रात दोघं एका क्षणी मरत नाहीत;
कुठेतरी दोघांचं मिळून एकच काहीतरी तुटतं.
आणि या जुन्या मॅसीच्या पोटात
पंपाला स्वतःचं बिऱ्हाड नाही,
तो पीटीओच्याच शाफ्टवर बसलेला,
शाफ्ट फिरला तर याच्या तोंडात घास.

"दांडा उलटा टाक. चाकांच्या बाजूला.
आता चालव, पहिल्यात, हळू."
गाईवर बस म्हटल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.
पण बसला. अंगणाच्या उतारावरून मॅसी निघाला
आणि लिफ्टचे हात
उठले.
तो थांबला, तेही थांबले.
चालला, पुन्हा वर.
ग्युद्फिना मोठ्यानं हसली, कुत्रं भुंकलं,
ओद्दुर तेवढा हसला नाही.

म्हणजे पंप जिवंत, मागचा शाफ्ट शाबूत.
मोडलंय ते पुढे,
इंजिन आणि या दोघांच्या मध्ये,
क्लचच्या दुसऱ्या प्लेटीपाशी.

ओद्दुर घरात गेला, खोकं घेऊन आला.
नवा पंप. आकुरेरीहून. परवाच मागवलेला.
बहिणीला ठाऊक नव्हतं, हे तिच्या भुवयांनी सांगितलं.
"पावती आहे?"
"आहे."
"मग उघडू नकोस."

बारा ते चार: जॅक, ओंडके, साखळी,
अडकून बसलेला एक बोल्ट ज्यानं तासभर खाल्ला.
मॅसी कमरेतून दोन झाला.
आणि प्लेटीचा मधला गाभा हातात आला,
आतले दाते झिजून झिजून
पार गुळगुळीत, वळं म्हणून मनगटात घालावा असा.
साठ वर्षांत किती वेळा धरून ठेवलं असेल यानं,
ओढ्याच्या वळणावर सोडलं.

नवी प्लेट गुरुवारी येईल.
रेडिओ म्हणतो, पाऊस बुधवारी.

ग्युद्फिनानं भिंतीवरची लाकडी दाताळी उतरवली.
एक तिला, एक भावाला.
तिसरं माझ्यापुढे धरलं.
मी म्हटलं, मी मेकॅनिक आहे.
"म्हणून तर," ती म्हणाली,
"बघून घे, याचे दात शाबूत आहेत."