गार गाडीला रोग नसतो

"गार गाडी घेऊन येऊ नका ओ," युसूफ नदाफ म्हणाला,
"गार गाडीला रोगच नसतो."

तीनदा असंच झालं होतं.
होटगी रोडला पेट्रोल भरायला बंद केली, की संपलं.
एप्रिलचा दीड वाजलेला,
किक मारून मारून पोटरीत गोळा,
मागं टॉवेलचं बोचकं, पुढं बाभळीची विरलेली सावली.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.
मग निमूट सुरू, जसं काही झालंच नाही.
आणि कन्ना चौकात युसूफच्या दारात उभी करावी
तर पहिल्या किकला हसायची बया,
डॉक्टरच्या पायरीवर ताप उतरावा तशी.

प्लग बदलून झाला होता.
कार्बोरेटर खोलून, धुऊन, जेटमधून फुंकर मारून झाली.
पाणपोईवरचा एक म्हातारा म्हणाला, टाकीचं झाकण उघडून बघ,
वारं कोंडलं असंल आत.
उघडलं. टाकीनं सुस्कारा सोडला,
इंजिनानं नाही.
मेव्हणा म्हणाला, काय करलालाव हिला ठेवून? विका.

म्हणून आज मुद्दाम तापवायला निघालो.
अशोक चौक, अक्कलकोट रोड, एमआयडीसीच्या शेवटच्या गेटापर्यंत,
परत सात रस्ता, विजापूर रोडनं कंबर तलाव,
तलावात पाणी कमी, बगळे जास्त.
साठ रुपयांचं पेट्रोल, आणि पोचायचं कुठंच नाही.
सगळ्या रस्त्यांवर सुतासारखी पळाली.
पूर्व भागातल्या गल्लीत मागांची खटखट तिच्या ठेक्यात मिसळली
आणि मला वाटलं, आज नाटक करणार ही, बंद पडणारच नाही.
जन्मात पहिल्यांदा
मी बिघडण्याची वाट बघत होतो.

युसूफच्या दारात चावी फिरवली.
दहा आकडे मोजले.
किक.
किक.
काही नाही.
"आली बे, आली!" युसूफ ओरडला,
घरात पाहुणी आल्यासारखा.

प्लग काढला, टोपणात खोचला, हेडला टेकवला,
वर तळहाताचा आडोसा केला उन्हाला.
मारा, म्हणाला. मारली.
आम्ही दोघं वाकून त्या इवल्याशा अंधारात बघत राहिलो.
ठिणगी नाही.

"फडकं द्या कुठलंतरी."
त्याची सगळी फडकी तेलानं माखलेली.
माझ्या बोचक्यात एक डझन नमुना,
गुलाबी किनारीचा, टिळक चौकातल्या बुऱ्हाणपुरेंच्या दुकानाचा.
एक ओढला.
पंक्चरच्या टबात बुडवून, करकचून पिळून
त्यानं तो टाकीखाली कॉइलवर गुंडाळला.
लहान पोराच्या कपाळावर घडी ठेवतात, तसा.

"आत तांब्याची तार असती, केसापेक्षा बारीक.
हजारो वेढे. त्यात एका जागी तुटलंय.
गार असली की टोकाला टोक टेकतं.
तापली, फुगली, की सुटतं."

माझे वडील मागावर होते.
चालू ताण्यात तुटलेलं सूत त्यांना डोळ्यांनी दिसायच्या आधी
बोटांच्या मागच्या बाजूला कळायचं.
थुंकी लावून गाठ, आणि धोटा पुढं.
मी विचारलं, ही सांधता येत नाही का?
युसूफ माझ्याकडं बघत राहिला.
"हे वेढे कोण उलगडणार ओ?
कॉइल बदलायची. सहाशे चाळीस."

पाच मिनिटांनी परत किक,
आणि प्लगच्या टोकाशी निळं, टिक्,
इतकं बारीक,
की मी नीट बघेपर्यंत गेलंसुद्धा.

संध्याकाळी टिळक चौकात बुऱ्हाणपुरेंनी चष्मा वर सारून
घड्या दोनदा मोजल्या.
"अकराच की हो."
"हां," म्हणालो,
"एक कामाला लागला."