सीट नंबर अकरा

एकतीस वर्षं मी या खोऱ्यातून एसटी नेली
आणि मला फक्त रस्ता ठाऊक होता.
बालिंग्याच्या पुलावर आचका कुठं बसतो,
कळ्याच्या बाजारादिवशी कुणाची म्हैस
हॉर्नला दाद देत नाही,
साळवणच्या अलीकडं पाणी
आधी कुठल्या मोरीवर चढतं,
सगळं तोंडपाठ.
डोंगर म्हणजे वळण.
नदी म्हणजे कठडा.
ऊस म्हणजे पुढं चाललेली
मागचा दिवा नसलेली ट्रॉली.

नोव्हेंबरात रिटायर झालो.
शाल, नारळ,
डेपोतल्या पोरांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ.
त्यानंतर आज पहिल्यांदा मागं बसलो.
शेवंता म्हणाली, खिडकीशी सरका.

गाडी मगदुमांच्या धैर्यशीलकडं.
तो गिअर बदलायचा
आणि माझा डावा पाय रिकामा पत्रा दाबायचा.
कळ्यापर्यंत मी ब्रेकच मारत होतो.
पुढच्या सीटखाली कुणाची तरी मेथीची पेंडी होती,
तिचा चेंदामेंदा झाला.

मग केव्हातरी पाय विसरला.

धुकं उसावरनं उठत होतं,
उसाला तुरे आलेले, पांढुरके.
खाली कुंभी
अशी वळून पडलेली
की तिला कुठली वेळ गाठायचीच नाही.
गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जाऊन
मध्येच बुजल्यागत वाकडा झाला.
आणि त्याच्याही वर
नाचणी काढून घेतलेल्या पट्ट्या,
कमानपाट्यांसारख्या एकावर एक,
सगळा डोंगर त्यांच्यावर तोललेला.

पाण्यापलीकडं वाडी दिसली.
सात-आठ कौलं, एक निळी टाकी,
एका बाजूला झुकलेला फणस.
मी म्हणालो, ही कुठली गं?

शेवंता माझ्याकडं बघतच राहिली.
'आपलीच की.
फणस ओळखला नाही व्हय?'

जरा वेळ मी काहीच बोललो नाही.
मग विचारलं,
'हे सगळं तुला म्हाईत होतं?'
'माहेराला जाताना बघायची,
दवाखान्याला जाताना बघायची.
तुमच्याच गाडीतनं.'
'मग कधी बोलली नाहीस?'
'बोलणार कशी?
तुमच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं,
चालकाशी बोलू नये.'

मेथीवाली मागं वळून हसली.
तिला अजून पेंडीचं कळलं नव्हतं.

आमचा फाटा आला. घंटी वाजली.
मी उठलो नाही.
धैर्यशीलनं आरशातनं बघितलं, थांबला,
मी हातानंच खूण केली,
ने पुढं, शेवटापर्यंत.

म्हशीची धार कोण काढणार, म्हणून
शेवंता पुटपुटली,
आणि पिशवीतल्या ओल्या शेंगा
तिनं माझ्या मांडीवर ओतल्या.

दगडावर आकडा होता, गगनबावडा सोळा.
तेवढं मला ठाऊक होतं.