एकतारी

पाठ्यपुस्तकात तिला श्यानता म्हणतात.
तुर्भ्याच्या आमच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षांत
हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारलेला मी ऐकला नाही.
रबाळ्याचा कुंदन भोईर नुसतं जाडी म्हणतो.
अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून
हळूच फाकवतो,
आई पाकाची तार बघायची तसा.

"ताई, साठ नंबर हाय. बघा, लोणी."

गाडी शार्दूलची, आमच्या खालच्या मजल्यावरचा.
सेकंडहँड, लाल, टर्बोवाली,
शिवाय ट्यून करून घेतलेली, म्हणजे
कंपनीने मोजून दिलेल्या ताकदीत
कुणीतरी लॅपटॉपवरून आणखी मूठभर टाकलेली.
ताकद वाढली, तेल जाड कर, असं त्याला सांगितलं गेलं,
शर्यतीत साठच घालतात.
ऐकायला पटतं.
थंडी वाढली की आपणही जाड गोधडी काढतो.

पण बोटं छत्तीस अंशांची असतात, कुंदन.
टर्बोतला तो दांडा,
करंगळीएवढा,
मिनिटाला दीड लाख फेरे घेतो
कशालाही न टेकता,
केसाहून बारीक तेलाच्या पदरावर.
त्याला तुझं लोणी काय कळणार?
सकाळी गाडी सुरू केली की साठ नंबर निघतं
लग्नघरातल्या आत्यासारखं,
प्रत्येक दाराशी थांबत, सगळ्यांना भेटत.
तोवर दांडा कोरड्या तोंडाने फिरतो.

जुनं तेल बाटलीभर घेऊन आले.
काचेची नळी, शंभर अंशांचं कुंड, हातात स्टॉपवॉच.
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत
उतरायला किती सेकंद लागतात, एवढंच बघायचं.
माझ्या नोकरीचं वर्णन एका ओळीत:
पडणाऱ्या गोष्टींकडे बघत बसते.

डब्यावर साठ.
नळीत साडेतेरा, म्हणजे चाळिसाच्या घरात.
पुन्हा लावलं. साडेतेराच.
मग बाटली नाकाशी नेली,
आणि स्टॉपवॉचची गरज उरली नाही.

"शार्दूल, रोज कुठे जातोस?"
"घणसोलीला. ऑफिस."
"आणि परत?"
"ऐरोली."
पाच किलोमीटर, त्यात सिग्नल.
तेल कोमट होतंय न होतंय तोच चावी बंद.
न जळलेलं पेट्रोल भिंतीवरून ओघळून
खाली तेलात उतरतं
आणि तिथेच राहतं,
कारण उडून जाण्याइतकं त्याला कुणी तापवतच नाही.
दोनशे घोडे पाळलेस
आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जुंपतोस.

तो हसला नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

कुंदनच्या पावतीमागे लिहून दिलं:
चाळीस.
आधीचा आकडा पाच असू दे,
शून्याला जादा पैसे कशाला, ऐरोलीत बर्फ पडत नाही.
पुस्तिकेत तीस आहे, ट्यूनसाठी एक पायरी वर चढू;
पेट्रोलने ती पायरी खाल्ली
तरी निदान तिसावर उभे राहू.
पाच हजारांला बदल. आणि रविवारी
उरणपर्यंत जाऊन ये, तापू दे तिला.

"आन साठचे दोन डबे पडलेत त्यांचा काय करू?"
"फाटकाच्या बिजागऱ्यांना घाल."

रविवारी दुपारी तो परतला.
खिडकीखाली गाडी उभी, इंजिन चालूच.
वॉचमनने विचारलं, बंद का करत नाही?
शार्दूलने आतून एक बोट वर केलं: एक मिनिट.
लालबुंद झालेल्या टर्बोला
वाहतं तेल मिळू दे थोडं,
एकदम थांबलं तर जागच्या जागी करपतं.
हे मी सांगितलं नव्हतं. कुंदनने सांगितलं असणार.

वर माझ्याकडे गॅसवर पाक,
रव्याच्या लाडवांचा.
घरात थर्मामीटर आहे, चांगला, लॅबचाच जुना.
तो खणात राहिला.
चमच्यावरून थेंब घेतला, फुंकला,
दोन बोटांत धरून हळूच फाकवला.

तार आली,
अर्ध्यात तुटली.

खाली इंजिन अजून घुमत होतं.
अजून एक मिनिट.