जादा तास

दहावीला जादा तास असायचे, इंग्रजीचे.
सकाळी सातला, गोसावी बाईंच्या पडवीत,
सायकली भिंतीला टेकवून
आम्ही क्रियापदांचे काळ घोकायचो.
काळ इतक्या प्रकारचा असतो हे तेव्हा कळलं.
तो मागेही सरकवता येतो
हे मात्र इथं, अ‍ॅबरिस्टविथमध्ये,
ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री.

दोन वाजले की पुन्हा एक वाजवायचा.
सरकारी नियम आहे, सगळा देश तो झोपेत पाळतो.
जागं असतं माझ्यासारखं कुणी,
टेकडीवरच्या वृद्धाश्रमात, रात्रपाळीला,
मांडीवर पीटच्या नमुन्यांचे आकडे उघडून.
दलदलीत वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साठतं पीट.
माझं तिसरं प्रकरण त्याहून हळू.

विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तास.
एकविसावा गुन्हा.
दहा कालचे, दहा आजचे, हिशोब चोख होता,
आणि हा मधेच उगवलेला तास
कुठल्याच रकान्यात बसेना.
कारिसनं, आमच्या मॅनेजरनं, पेनचं टोक चावलं.
म्हणाली, हा आपण लिहायचाच नाही.
मग पैसे?
तिनं माझ्याकडे फार प्रेमानं पाहिलं.

साडेअकरा पौंड गुणिले एकशेपाच.
बाराशे सात रुपये पन्नास पैसे
तासगावच्या पतसंस्थेत जमा झाले नाहीत.

तर तो तास.
नऊ नंबरची घंटी वाजली. एलुनेडबाई.
वय नव्वदच्या पुढे. उन्हाळ्यापासून इंग्रजी
ओहोटीसारखी उतरून गेलीय तिच्यातून,
तळाशी उरलीय नुसती वेल्श.
पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, दूर.
मी दोन पावलं मागे सरले.
पुन्हा म्हणाली, दूर, हात लांब करून,
मी आणखी मागे, पार दारापर्यंत,
अपमान गिळत.
सकाळपाळीची नर्स हसून हसून खाली बसली.
अगं, पाणी मागतेय ती!
त्यांच्यात दूर म्हणजे पाणी.

तेव्हापासून कुणी दूर म्हटलं की मी जवळ जाते.

ती प्यायली, पेला धरून ठेवला, आणि बोलत सुटली.
मीही बोलले. मराठीत.
जामीन राहिलेले तोडकरमामा,
खोलीतल्या भिंतीवरची बुरशी,
मार्गदर्शकानं परत पाठवलेलं पहिलं प्रकरण,
त्यातलं एक वाक्य,
"यात तुमचं म्हणणं काय आहे?"
हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.
एलुनेडबाई मान हलवत होती,
भाजीवाली पैसे कमी पडले तरी घे बाई म्हणते तशी.

मग खिशात फोन थरथरला. बाबा.
किती वाजले तिकडे?
एक.
मघाशी पण एकच म्हणालीस की!
मागे त्यांच्या अंगणात कोंबडा आरवला.
इथं उतारावर, शाळेच्या वळणावर,
डांबरावर पांढऱ्या रंगात मोठ्ठं लिहिलंय, आरव.
म्हणजे हळू.
हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण ते घड्याळातच अडकले होते.
मागे घेतलं म्हणजे? कुणी घेतलं?
सगळ्यांचं?
बरं, म्हणजे आता साडेपाच तासांचा फरक.
थांब, कॅलेंडरवर लिहितो.

पेन शोधल्याचा आवाज. ड्रॉवर. खोकला.
आणि मग, सहज विचारावं तसं,
त्या तासाचे पैसे धरतात ना गं?

धरतात, म्हटलं.

नऊ नंबर पुन्हा वाजला.
आले, म्हटलं.
फोनमध्ये की दाराकडे तोंड करून, आता आठवत नाही.